औयांगबाईंची तब्येत

आमच्या शाळेत दोन माणसं कायमची आजारी होती. एक मी, थानबाई, संगीत शिकवायला नेमलेली. दुसऱ्या औयांगबाई, चित्रकला शिकवायला नेमलेल्या. आजार कसला म्हणाल तर कसलाच नाही. मी दोन वाट्या भात आणि वर मिरचीचा ठेचा हाणून जिने धावत चढायची, आणि औयांगबाई रोज सकाळी नदीकाठी फेरी मारून यायच्या. पण वर्गात आम्ही आजारी. आमच्या तासाला गणिताचे लेई सर दार ढकलून आत जायचे, एका गालातली सुपारी दुसऱ्या गालात सारायचे आणि म्हणायचे, “तुमच्या बाई आज आजारी आहेत. वह्या काढा, समीकरणं.” पोरं ‘आऽऽ’ करून ओरडायची आणि वह्या काढायची. झाला आमचा तास.

लेई सर वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही, कितीही म्हणावंसं वाटलं तरी. आमचं हुनानच्या डोंगरातलं तालुक्याचं गाव. नववीच्या शेवटी जी परीक्षा असते तिच्यात निम्मी पोरं गळतात. पुढच्या शाळेत गेली ती गेली, उरलेली ग्वांगतोंगला कारखान्यात. आईबाप आधीपासून तिकडेच असतात, पोरं इथे आजीच्या पदराखाली. अशा ठिकाणी ‘गणित राहू द्या, आमचं गाणं ऐका’ असं कुठल्या तोंडानं म्हणायचं? म्हणून मी कधी म्हटलं नाही. औयांगबाईंनी म्हटलं होतं, अगदी सुरुवातीला.

त्यांचं नाव रुई. माझ्याच वयाच्या, माझ्याच वर्षी लागलेल्या, म्हणून दोघीच असताना मी त्यांना रुईच म्हणायची. बाप खेड्यात शवपेट्या रंगवायचा. आमच्याकडे माणूस साठीला आला की स्वतःची पेटी करून घरात ठेवतो आणि दरवर्षी तिला रोगणाचा हात देतो, त्यामुळे बापाला काम भरपूर. रुई लहानपणी त्याचे रंग घोटायची. पेटीच्या तोंडाशी सारस आणि देवदार काढायची पाळी आली की बाप म्हणायचा, “तू काढ गं, तुझा हात माझ्यापेक्षा शांत आहे.” त्या हातावर ती प्रांताच्या शिक्षक महाविद्यालयात गेली आणि चित्रकलेची बाई होऊन आमच्याकडे आली. नवरा तोंगक्वानला बुटांच्या कारखान्यात. नववर्षाला यायचा, बायकोसाठी बुटांची जोडी आणायचा. इतकी वर्षं बूट करणारा माणूस, पण बायकोच्या पायाचं माप त्याला कधी जमलं नाही.

पहिल्या सत्राआधी तिनं चित्रकलेची खोली स्वतः घासून काढली. खोली तिसऱ्या मजल्यावर, टोकाला. मग मोठमोठे कागद जोडून खोलीचे नियम लिहिले, कडेनं कमेलियाची फुलं रंगवली आणि भिंतीवर लावले. मी वाचायला गेले आणि हसत सुटले. शाळेचे नियम कसे असतात? धावू नका, बोलू नका, उशीर करू नका. हिचे बघा. ‘पाण्याचं भांडं अर्धंच भरा, सांडलं तर ओरडा नाही, फडकं तिथेच आहे.’ ‘शेजाऱ्याच्या चित्राला हसू नका, स्वतःच्या चित्राला हसायला हरकत नाही.’ ‘नवा ब्रश आधी कोमट पाण्यात भिजवून उघडा, घाई केली तर तो मोडेल.’ ‘ह्या खोलीत बरोबर का असं विचारायचं नाही.’ ‘सुरू केलेलं संपवा, नाही आवडलं तरी.’

“अगं, हे नियम आहेत की आईची पत्रं?” मी म्हटलं.

“बघ ना, पोरांना कसं आवडतं ते,” ती म्हणाली. तेव्हा ती असं बोलायची. हात हलवून, भुवया उडवून.

पहिले थोडे तास झालेही. मग मध्यसत्र परीक्षा आली. एका सकाळी रुई रंगांची खोकी छातीशी धरून वर्गाशी पोचली तर आतून लेई सरांचा आवाज. “औयांगबाई आज आजारी आहेत.” ती दारातच उभी. पुढच्या बाकांवरची पोरं तिच्याकडे बघतायत, ती पोरांकडे बघतेय. लेई सर बाहेर आले, दार ओढून घेतलं, खिशातून सुपारीची पुडी काढून तिच्यापुढे धरली. “घ्या बाई. समजून घ्या. परीक्षेपुरतं.” तिनं सुपारी घेतली. का घेतली म्हणून मी तिला नंतर विचारलं तर म्हणाली, “दोन्ही हातात खोकी होती, तरी घेतली बघ. का ते मलाच कळलं नाही.”

मग ती खुआंग हेडसरांकडे गेली. रडली, भांडली, वेळापत्रक टेबलावर आपटलं. हेडसरांनी चहा पाजला. “तुमचं अगदी बरोबर आहे बाई,” म्हणाले, “पण बरोबर असून चालत नाही ना.” पुढच्या सत्रात ती परत गेली, त्यांनी परत चहा पाजला. मग ती जायची थांबली. आमच्या हेडसरांच्या चहानं भल्याभल्यांची आग विझलीय.

आता आजारी माणसाला पथ्यं असतात. त्या तासाला आवारात दिसायचं नाही, हे पहिलं पथ्य. खिडकीशी उभं राहायचं नाही. मोठ्यानं हसायचं नाही. चित्रकलेच्या खोलीमागे एक अडगळ होती, तिथे माझी पायपेटी ठेवलेली. तिचा भाता फाटलेला आणि निम्म्या पट्ट्या मुक्या. तिथे आम्ही टेबलाखाली शेगडी ठेवून, गुडघ्यांवर गोधडी ओढून बसायचो. भोपळ्याच्या बिया सोलायच्या आणि घंटेची वाट बघायची.

सुरुवातीला मजा होती. “आज काय झालंय गं तुला?” मी विचारायची.

“मला आज कावीळ. तुला?”

“मला नुसता खोकला. कालच घटसर्प होऊन गेला, रोज रोज काय मोठं काढायचं?”

हळूहळू तिचे आजार संपले. मी विचारलं की म्हणायची, “तेच आपलं.” मग तेही म्हणेना. बिया सोलून टरफलांचा ढीग एकीकडे, गर एकीकडे करायची आणि गर खायचा विसरायची. मधेच विचारायची, “घंटा झाली का?” अगं बाई, घंटा काय चोरून वाजते? मला तिचा राग यायचा. मी निदान शिव्या घालायची, लेई सरांना, हेडसरांना, मुक्या पेटीला. हिच्या तोंडून शब्द नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, “रुई, तुला काही वाटतं की नाही?” तिनं खरंच विचार केला. म्हणाली, “शोधते गं मी. सापडत नाही.”

अशी किती वर्षं गेली ते सांगून काय करू. पोरं आली, नववी झाली, गेली. रुईचा मुलगा मोठा होऊन छांगशाला शिकायला गेला. वेळापत्रकावर ‘चित्रकला: औयांग’ असं ठसठशीत छापलेलं असायचं. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा.

एकदा आम्ही बाजारात मिरच्या घेत होतो. हिवाळ्याआधी बरणी भरून ठेवायची म्हणून रुईनं चांगल्या तिखट मिरच्यांची मोठी पिशवी घेतली होती. तेवढ्यात एक पोरगी गर्दीतून धावत आली. सातवीतली, दोन वेण्या, पाठीवर दप्तर. आमच्याकडे शेंडेफळ मुलीला घरात मानमेइ म्हणतात. हिला शाळेतही सगळे तेच म्हणायचे.

“बाई! तुम्ही उठलात?” मानमेइ म्हणाली. चेहऱ्यावर असा आनंद की सख्खी मावशी दवाखान्यातून घरी आली.

मी म्हटलं, आता ही सांगणार, काही झालेलं नाही मला. पण रुईनं खांदे पाडले, मानसुद्धा थोडी खाली घातली. “हो. आज जरा बरं आहे,” ती बारीक आवाजात म्हणाली.

पोरीनं पिशवीत डोकावून बघितलं. “बाई, मिरच्या नका हं खाऊ. आजी म्हणते, आजाऱ्यानं पेज खावी.”

“नाही खात,” रुई म्हणाली, आणि पिशवी दुकानदारणीला परत केली. ती आमच्याच गल्लीतली. ती काय बोलली ते लिहिण्यासारखं नाही. त्या हिवाळ्यात रुईच्या घरी ठेचा नव्हता. ती माझ्याकडचा नेई.

मानमेइ नववीत आली त्या वर्षी वरून फर्मान सुटलं. चित्रकलेचे तास पूर्ण व्हायलाच हवेत, प्रवेशपरीक्षेत त्याचे थोडे गुण धरणार, प्रत्येक पोराचं स्वतःच्या चित्रांचं एक पुडकं शाळेनं जमा करायचं, आणि आधी तपासणीला साहेब येणार. शिक्षकांच्या खोलीत लगीनघाई उडाली. लेई सरांनी सुपारी थुंकली आणि म्हणाले, “आता हेही!”

हेडसरांनी रुईला बोलावलं. मीही गेले, चहा बघायला. खुआंग हेडसर म्हणाले, “बाई, आता शाळेची लाज तुमच्या हातात. तपासणी नीट पार पडू द्या, पुढच्या सत्रापासून तुमचा तास तुमचा. एकही तास कोणी उचलणार नाही. मी शब्द देतो.”

रुईनं विचारलं, “एकही?”

“एकही. लेईला मी सांगतो.”

बाहेर आल्यावर तिनं जिन्याचा कठडा धरला आणि तिथेच उभी राहिली. मी म्हटलं, “काय होतंय?” म्हणाली, “काही नाही. छातीत काहीतरी हललं.” इतक्या वर्षांनी पहिल्यांदा तिला काहीतरी वाटलं होतं, आणि मला तिथेच नाचावंसं वाटलं. तिला तिचा तास परत मिळणार होता. तिला दुसरं काही नकोच होतं. बढती नको, पगार नको, आठवड्यातून एक तास आणि समोर पोरं.

पण तपासणी तोंडावर आलेली, आणि शिकवायला वेळ कुठे? गणित कोण सोडणार? हेडसरांनी तोड काढली. साहेब विचारणार काय, तर खोलीचे नियम आणि शिस्त. मग नियम पाठ करून घ्या. आणि पाठ करून घेण्यात लेई सरांचा हात कोण धरणार! रुईच्या भिंतीवरचे ते नियम लेई सरांनी फळ्यावर उतरवले, छडीनं टेबलावर ठेका धरला आणि सगळ्या वर्गाकडून घोकून घेतले. लेखी चाचणी घेतली. शब्द चुकला की अर्धा गुण कमी. ‘ह्या खोलीत बरोबर का असं विचारायचं नाही’ हा नियम एका पोरानं लिहिला आणि धावत टेबलाशी येऊन विचारलं, “सर, बरोबर का?” सरांनी बघून खूण केली. “बरोबर.”

रुई मागच्या बाकावर बसून हे सगळं बघत होती. मी दाराच्या फटीतून तिच्याकडे बघत होते. ती हसेल असं मला वाटलं. ती वहीवर काहीतरी गिरवत होती, नुसत्या रेघा.

तपासणीच्या आदल्या दिवशी जिल्ह्याहून सामान आलं. रंग, कागद आणि नवे कोरे ब्रश, प्रत्येकाला एक. नव्या ब्रशाचं टोक खळीनं ताठ केलेलं असतं, प्रवासात केस विस्कटू नयेत म्हणून. भिजवून ती खळ काढल्याशिवाय त्यानं रेघ येत नाही. रुईनं किटलीत पाणी तापत ठेवलं आणि ब्रश सोडायला घेतले. तेवढ्यात हेडसर आले.

“अहो अहो, काय करताय! नवे दिसू देत ना. किती छान टोकदार दिसतायत.”

“सर, असे वापरता येत नाहीत.”

“उद्या कोण वापरतंय? मांडून ठेवा ओळीनं.”

“बरं,” रुई म्हणाली आणि किटली उतरवली. त्या ‘बरं’साठी मी तिला अजून माफ केलेलं नाही. पण तिचा तास दुसऱ्या दिवसापलीकडेच होता. आयत्या वेळी कोण वाद घालणार? मीही नसता घातला.

साहेब आले. यान साहेब, पांढरे केस, निवृत्तीला टेकलेले, आवाज मऊ. मला वाटलं होतं कोणी खडूस येईल, पण माणूस चांगला निघाला, आणि तेच आम्हाला महागात पडलं. वर्ग चित्रकलेच्या खोलीत बसवला होता. पुढे रुई, मागे भिंतीला चिकटून हेडसर, लेई सर आणि मी. भिंतीवर ते कमेलियाच्या फुलांचे कागद, आता पिवळे पडलेले.

साहेबांनी एकेकाला उठवून नियम विचारले. पोरांनी खाडखाड म्हणून दाखवले, एका दमात, लेई सरांच्या ठेक्यात. कानामात्रेचीसुद्धा चूक नाही. हेडसरांच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून मिटल्या. रुईकडे बघून त्यांनी मान डोलावली, जणू म्हणाले, तास तुमचा.

मग साहेब मानमेइच्या बाकाशी थांबले. तिचा ब्रश उचलला आणि टोक अंगठ्यावर दाबून पाहिलं. टोक वाकेना. शेजारच्याचा उचलला, तोही तसाच. तिसरा उचलला नाही.

“बाळ, नव्या ब्रशाचा नियम काय?”

“नवा ब्रश आधी कोमट पाण्यात भिजवून उघडा, घाई केली तर तो मोडेल!”

“शाब्बास. मग हा उघडून दाखव.”

मानमेइनं ब्रश हातात घेतला. उलटा केला, सुलटा केला. टोकाशी झाकण आहे का ते चाचपलं. मग दांडा धरून पेनाचं टोपण फिरवतात तसा फिरवायला लागली. सगळा वर्ग बघत होता, आणि कोणालाच काही चुकतंय असं वाटत नव्हतं. शेवटी तिनं मदतीसाठी मान वर केली, आणि तिनं बघितलं ते लेई सरांकडे. लेई सर छताकडे बघायला लागले.

“तुमच्या चित्रकलेच्या बाईंनी दाखवलं नाही का?” साहेबांनी हळूच विचारलं.

“बाई आजारी असतात,” मानमेइ म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की बाई तर समोरच उभ्या आहेत. ती एकदम खुलली. “बाई, आता बरं वाटतंय का?”

देवाशपथ सांगते, पोरीच्या मनात काहीसुद्धा नव्हतं. तिला खरंच विचारायचं होतं.

साहेब रुईकडे वळले. “तुम्ही आजारी असता?”

हेडसरांनी डोळे वटारले नाहीत की खूण केली नाही, नुसते हात जोडल्यासारखे पोटाशी धरले. मी मनात ओरडत होते. सांग ना! आज तरी सांग! म्हण, मी ठणठणीत आहे, मला माझ्या वर्गात जाऊ देत नाहीत. पण मला तिचं गणितही कळत होतं. खरं बोललं तर तपासणी बोंबलणार, शाळेची नाचक्की होणार, आणि हेडसरांचा शब्द गेला. खोटं बोललं तर शाळा वाचेल आणि तास परत मिळेल. पुढच्या सत्रापासून एकही तास कोणी उचलणार नाही.

“हो,” रुई म्हणाली. “माझी तब्येत बरी नसते. ब्रश उघडायचे राहिले, तीही माझीच चूक.”

“बरेच दिवस?”

“बरेच.”

यान साहेबांचा चेहरा खरंच उतरला. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली. पाणी मागवलं. “आणि तरी तुम्ही पोरांकडून नियम इतके पक्के करून घेतलेत,” ते म्हणाले. लेई सरांनी घसा खाकरला. हेडसर म्हणाले, “फार निष्ठा आहे साहेब, फार.” मेल्याला तिथेही बोलायचं सुचलं!

शाळा पास झाली. हेडसरांनी सगळ्यांना तांदळाच्या शेवया खायला घातल्या. रुईनं वाडगाभर खाल्ल्या, वर मिरची घालून. मी तिला इतकी पोटभर जेवताना बऱ्याच वर्षांनी बघत होते. “पुढच्या सत्रात पहिल्या तासाला काय करणार?” मी विचारलं. “पाणी,” ती म्हणाली. “पहिल्या तासाला नुसतं पाणी आणि ब्रश. रंग नाहीच.” आणि भुवया उडवल्या.

सत्र सुरू होताना साहेबांचा शेरा आला. शेरा चांगला होता, कळकळीनं लिहिलेला. अशा आजारी शिक्षिकेवर वर्गाचा भार टाकणं माणुसकीला धरून नाही. त्यांना वाचनालयात हलकं काम द्यावं आणि चित्रकलेचा तास ठणठणीत प्रकृतीच्या शिक्षकाकडे सोपवावा. हेडसरांनी तो रुईला स्वतः वाचून दाखवला आणि चहा दिला. त्यांनी शब्द मोडला असंही म्हणता येईना. तास कोणी उचलला नव्हताच. तो रीतसर काढून दिला होता. नव्या वेळापत्रकात छापून आलं, ‘चित्रकला: लेई’. लेई सरांना आता कोणाला आजारी पाडायची गरज उरली नाही.

मी हेडसरांच्या दारात जाऊन तोंडाला येईल ते बोलले. चोर सोडून संन्याशाला फाशी, म्हटलं. ते म्हणाले, “थानबाई, तुमची तब्येत कशी आहे?” मी घरी आले.

रुई वाचनालयात बसायला लागली. खिडकीशी टेबल, समोर कपाटं. मी म्हटलं, “अगं, वर जा, प्रांताच्या कचेरीत जा, डॉक्टरचा दाखला आण, मी येते सोबत.” ती म्हणाली, “काय सांगू? माझ्याच तोंडानं सांगितलंय मी.” आवाज सपाट. छातीत हललेलं ते जे काय होतं, ते पुन्हा बसलं होतं. मला तिच्यासमोर रडू आलं आणि तिनंच मला रुमाल दिला.

मग एका दुपारी लेई सर वाचनालयात आले. दोन्ही हातांत पुडक्यांची चळत, टाचेनं दार ढकललेलं. त्यांच्या नववीच्या वर्गाची, प्रत्येक पोराच्या नावाची. आत कोरे कागद.

“बाई,” ते म्हणाले, “चित्रं आठवड्यात द्यायचीत. मला गोल काढायचा तर कंपास लागतो. आणि पोरांचं हे शेवटचं सत्र आहे हो. त्या चार गुणांवर कोणी अडकलं तर?” त्यांनी पुडी काढली, मग तशीच खिशात ठेवली. त्यांना लाज वाटत होती, हे मी कबूल करते.

“ठेवा,” रुई म्हणाली.

“ठेवा काय, ठेवा?” मी उसळले. “तोंडात मिठाची गुळणी धरलीयस का? तुझा तास खाल्ला, आता तुझ्याच हातून...”

“पोरांचे गुण जातील गं,” ती म्हणाली. लेई सर मान खाली घालून निघून गेले.

तिनं पाणी घेतलं आणि ब्रश भिजत घातला. पहिलं चित्र काढलं, नदी आणि होडी, इतकं सुरेख की मी म्हटलं, “हे कोणी खरं मानायचं नाही.” तिनं ते बाजूला सारलं, ब्रश डाव्या हातात घेतला आणि पुन्हा काढलं. आता होडी वाकडी आली. पोरानं काढल्यासारखी, अगदी हुबेहूब. मी पाणी बदलत होते, वाळलेले कागद उचलत होते. मानमेइच्या पुडक्यात तिनं बाजार काढला. मग पुढचं पुडकं ओढलं, नाव वाचलं आणि थांबली.

“हा कसा आहे गं?”

“कोण?”

“हा. जाडा आहे का बारीक? खोडकर असेल तर मोठ्या रेघा मारेल. घाबरट असेल तर कोपऱ्यात बारीकसं काहीतरी काढेल. कसा आहे?”

मी नाव पाहिलं. तीन वर्षं हा पोरगा आमच्या शाळेत होता. मी खूप आठवून बघितलं. त्या वर्गात मीसुद्धा कधी गेले होते?

“मला नाही माहीत,” मी म्हटलं.

“मग काय काढू?” ब्रशातलं पाणी टेबलावर ठिबकत होतं.

“काढ काहीतरी. डोंगर काढ.”

तिनं डोंगर काढला. मागे त्याचं नाव लिहिलं, कागद माझ्याकडे सरकवला आणि पुढचं नाव वाचलं. तोही मला माहीत नव्हता.